टोल फ्रॉड: ऑफिसच्या फोन सिस्टिमवर पहारा नेमका कशावर ठेवायचा?

रात्रपाळी

नमस्कार मंडळी. प्रश्न टोल फ्रॉडचा आहे, म्हणजे दुसऱ्याच्या फोन लाइनवरून चोरून महागडे कॉल लावण्याचा.

आमच्या कंपनीची आयपी-पीबीएक्स, म्हणजे इंटरनेटच्या तंत्रावर चालणारं ऑफिसचं टेलिफोन एक्स्चेंज, माझ्याकडे आहे. अ‍ॅस्टेरिस्क या सॉफ्टवेअरवर चालते, एक्स्टेंशन (आतले फोन) ऐंशीच्या आसपास, बाहेर जायला एक सिप ट्रंक, म्हणजे प्रोव्हायडरकडे जाणारी इंटरनेटवरची लाइन. परवा लॉग चाळताना एक प्रकार दिसला. एकाच परदेशी नंबरावर ओळीने प्रयत्न: आधी नुसता नंबर, मग त्याच्या पुढे ००, मग ०००, मग ९००, मग ०११, मग ९०११. प्रत्येक वेळी 'असं एक्स्टेंशन नाही' म्हणून नाकारलेला. एकही कॉल बाहेर गेला नाही. पण साहेबांच्या कानावर गेलं आणि हुकूम सुटला, 'मॉनिटरिंग लाव'.

लाव म्हणजे काय लाव? पासवर्ड लांबलचक आहेत, चुकीचे पासवर्ड मारणाऱ्याचा पत्ता अडवणारं फेलटूबॅन चालू आहे, ओळख न देता येणाऱ्या कॉलना मज्जाव आहे. त्यामुळे 'पासवर्ड बदला' हा सल्ला कृपया नको. माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. हे सगळं ओलांडून कोणी आत आलाच, तर मला कळणार कसं आणि किती वेळात? प्रोव्हायडरच्या पोर्टलवर कॉलची यादी दुसऱ्या दिवशी चढते.

सर्किटकाका

तुम्ही पाहिलंत ती चाचपणी. बाहेरची लाइन मिळवायला तुमच्याकडे शून्य दाबावं लागतं, नऊ दाबावं लागतं की काहीच नाही, हे त्यांना ठाऊक नसतं. म्हणून यंत्र सगळे उपसर्ग लावून बघतं. तो परदेशी नंबर त्यांचाच असतो. तिथे घंटा वाजली की त्यांना कळतं, हे दार उघडं आहे आणि अमुक उपसर्गाने उघडतं.

आता महत्त्वाचं. लागलेल्या त्या चाचणी कॉलनंतर बहुतेक वेळा लगेच काही होत नाही. तुमची सिस्टिम यादीत जाते आणि शुक्रवारच्या संध्याकाळची किंवा जोडून आलेल्या सुट्ट्यांची वाट बघितली जाते. म्हणजे पहाऱ्यासाठी सगळ्यात मोलाची नोंद कोणती, तर काही सेकंदांचा, कुणालाच न आठवणारा एक परदेशी कॉल. बिलात तो डोळ्यात भरतसुद्धा नाही. नाकारलेले हजार प्रयत्न रोजचेच आहेत, त्यांच्या ईमेल सूचना लावल्यात तर आठवड्याभरात तुम्ही त्या वाचणं बंद कराल. लागलेल्या एका कॉलची सूचना मात्र हवीच.

नवशिका

काका, एक अडाणी प्रश्न. एवढे कॉल करून ते बोलतात कुणाशी?

सर्किटकाका

कुणाशीच नाही! पलीकडे रेकॉर्ड केलेला आवाज असतो, संगीत असतं, नाहीतर शांतता. कमाई मिनिटांची आहे. जिथे कॉल पोचवायचा दर चढा आहे अशा नंबरांची मालिका कुणीतरी भाड्याने घेतो, आणि त्या नंबरांवर येणाऱ्या दर मिनिटामागे त्याला वाटा मिळतो. तुमची पीबीएक्स त्या नंबरांवर फोन करत राहते. तुमचा प्रोव्हायडर पुढच्या कंपनीला पैसे देतो, ती तिच्या पुढच्या कंपनीला, असं करत ते मालिकावाल्यापर्यंत पोचतात. तुम्ही बिल बघून ओरडेपर्यंत पलीकडचा हिशेब चुकता झालेला असतो. मध्येच एखादा घोटाळेबाज वाहक, म्हणजे कॉल पुढे नेणारी कंपनी, कॉल त्या देशात पोचूच देत नाही, वाटेतच उचलतो आणि पैसे खातो. कॉल सोमालियाचा म्हणून बिल येईल, पण सोमालियात कुणाचा फोन वाजलेला नसेल.

हिशेबनीस

मी बरीच वर्षं एका मोबाइल कंपनीच्या फ्रॉड विभागात होतो, त्यामुळे दुसऱ्या टोकाकडून लिहितो.

रात्रपाळी, तुमचा खरा प्रश्न 'किती वेळात' हा आहे. आमच्या धंद्याने तो मोठी किंमत मोजून सोडवला. ग्राहक परदेशात रोमिंगवर असला की त्याच्या जास्तीच्या वापराचा अहवाल पूर्वी मूळ कंपनीला ३६ तासांत यायचा. चोराला छत्तीस तास म्हणजे पर्वणी. शेवटी जीएसएमएने, म्हणजे मोबाइल कंपन्यांच्या जागतिक संघटनेने, नियम बदलला आणि ऑक्टोबर २००८ पासून रोमिंगच्या नोंदी चार तासांच्या आत पाठवणं आलं. चोर तेच आणि नंबरही तेच, फक्त नोंद पोचायचा वेळ कमी केला. तुमच्या पोर्टलवर यादी दुसऱ्या दिवशी येत असेल तर तुम्ही अजून २००८ च्या अलीकडे आलेलाच नाहीत.

आणि तुमच्या स्वतःच्या पीबीएक्सची कॉलनोंद, म्हणजे सीडीआर, तीही पुरत नाही. अ‍ॅस्टेरिस्कमध्ये सीडीआर कॉल *संपल्यावर* लिहिला जातो. शनिवारी पहाटे सुरू झालेला चार तासांचा कॉल तुमच्या तक्त्यात चार तासांनी उगवणार. दर पाच मिनिटांनी तक्ता तपासणारी स्क्रिप्ट लिहिलीत तरी तेव्हा बैल गेला नि झोपा केला. चालू कॉल बघायला हवेत. त्यासाठी मॅनेजर इंटरफेसवरून, म्हणजे एएमआयवरून, चॅनल उघडल्याच्या आणि बंद झाल्याच्या घटना घ्या, किंवा चॅनल इव्हेंट लॉगिंग चालू करा. दोन्हींत कॉल चालू असतानाच माहिती मिळते.

मोजायचं काय? इथे बहुतेक लोक 'दिवसाला इतकी मिनिटं' असा एक आकडा ठरवतात आणि झोपतात. दिवसाची बेरीज फार उशिरा बोलते, आणि सगळी मिनिटं सारखी नसतात. उपग्रह फोनचं एक मिनिट आणि शेजारच्या शहराचं एक मिनिट एका तराजूत घालू नका. प्रोव्हायडरचा दरतक्ता घ्या, नंबराला सर्वात लांब जुळणारा उपसर्ग शोधा आणि मिनिटांऐवजी पैसे मोजा. चालू कॉलचे आत्तापर्यंतचे पैसे अधिक गेल्या तासाभरात संपलेल्या कॉलचे पैसे, ही बेरीज दर मिनिटाला. तिच्यावर मर्यादा. बाकी काही जमलं नाही तरी एवढं करा. संपलेल्या कॉलचा वेळ घेताना 'बिलसेक' हा रकाना घ्या. 'ड्युरेशन'मध्ये घंटा वाजण्याचा वेळही धरलेला असतो.

दुसरी गोष्ट, 'पहिल्यांदाच' हा नियम. गेल्या सहा महिन्यांत तुमच्या ऑफिसमधून ज्या देशाला एकही फोन गेला नाही, तिथे पहिला कॉल लागला की सूचना. कॉल दहा सेकंदांचा असला तरी. सर्किटकाका म्हणतात तो चाचणी कॉल इथेच सापडतो. सांख्यिकी लागत नाही, यंत्रशिक्षण लागत नाही, उपसर्गांची एक जुनी यादी पुरते. कुठल्याही महागड्या सॉफ्टवेअरपेक्षा माझा भरवसा या नियमावर जास्त आहे.

मग आकार बघा. माणसांच्या कॉलची लांबी वेडीवाकडी असते. यंत्राचे कॉल पुष्कळदा ठरावीक सेकंदाला तुटतात, लागलीच पुन्हा लागतात आणि नंबर एकाच मालिकेतले असतात, फक्त शेवटचे आकडे बदललेले. एकाच एक्स्टेंशनवरून एका वेळी चार परदेशी कॉल दिसले तर बाकी काही तपासत बसू नका. माणसाला तोंड एकच असतं.

भोचक भवानी

एवढा पसारा वाचून दम लागला. माझं सरळ म्हणणं: ज्या देशात आपल्याला कधी फोन करायचाच नाही, तिकडचा रस्ता उघडा ठेवायचाच कशाला? आमच्याकडे विक्रीवाले चार-पाच देशांत बोलतात. तेवढे देश खुले, तेही त्यांच्याच एक्स्टेंशनला. बाकी सगळं बंद. पहारा ठेवायला उरलंच काय?

हिशेबनीस

ताई, बंदी हवीच, वाद नाही. पण 'उरलंच काय' याचं उत्तर मोठं आहे. तुमच्या चार-पाच देशांत अमेरिका असेल तर +१ खुलं असणार. जमैका, ग्रेनाडा, डोमिनिकन रिपब्लिक हेही +१ मध्येच आहेत. पुढचे तीन आकडे ८७६, ४७३, ८०९ असे, दिसायला अगदी अमेरिकेतल्या शहरासारखे. नुसता देशाचा कोड बघणारा नियम इथे फसतो. शिवाय खुल्या देशांतही प्रीमियम दराच्या मालिका असतात.

८८१ आणि ८७० हे उपग्रह फोन, ८८२ आणि ८८३ ही आंतरराष्ट्रीय जाळी. देशच नसल्यामुळे देशांच्या यादीत ती येत नाहीत. 'नको ते देश बंद' अशी यादी केली असेल तर ती उघडी राहतात. 'हवे तेवढेच चालू' अशी यादी असेल तरच बंद होतात.

भोचक भवानी

८७६ चं खरंच माहीत नव्हतं. बघते आजच.

माझ्याकडूनही एक भर: उलट्या दिशेने येणारा प्रकार. परदेशी नंबरावरून ओळीने ऑफिसच्या सगळ्या डायरेक्ट लाइन्सवर (बाहेरून थेट एका एक्स्टेंशनला लागणाऱ्या नंबरांवर) एकेक घंटा वाजते आणि बंद होते. माणसं सवयीने उलट फोन करतात. चोर आत आलेलाच नसतो, फोन आपलीच माणसं करतात. तेव्हा येणारे एका घंटेचे कॉलही मोजा. दहा मिनिटांत एकाच नंबरावरून आठ लाइन्स वाजल्या तर त्या नंबरावर बाहेर जाणारा कॉल थोड्या वेळासाठी बंद.

रात्रपाळी

'पहिल्यांदाच'चा नियम आज संध्याकाळीच लिहिला, फार कष्ट पडले नाहीत. जुन्या नोंदींवर चालवून पाहिला तेव्हा तीन-चार ठिकाणी थांबला, सगळे खरे कॉल निघाले.

हिशेबनीस, एक शंका. देशांची यादी मी पीबीएक्सच्या डायलप्लॅनमध्ये (कुठला नंबर कुठे जायचा याच्या नियमांत) ठेवू की प्रोव्हायडरकडे? पीबीएक्समध्ये मला एक्स्टेंशनवार नियम लावता येतात. प्रोव्हायडरकडे सगळ्या कंपनीला एकच नियम.

सर्किटकाका

दोन्हीकडे, आणि याचं कारण बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

आपण इथे धरून चाललोय की चोराच्या हाती एखाद्या एक्स्टेंशनचा पासवर्ड लागला. तो पीबीएक्सच्या अ‍ॅडमिन पॅनेलमधून आत आला तर? नोव्हेंबर २०२० मध्ये चेक पॉइंटच्या संशोधकांनी 'इन्जेक्टर३' या टोळीचा अहवाल दिला होता. फ्रीपीबीएक्स या पीबीएक्सच्या अ‍ॅडमिन पॅनेलमध्ये लॉगिन टाळून थेट अ‍ॅडमिन होता येईल अशी फट २०१९ साली सापडली होती. तिच्यातून जवळपास १,२०० संस्थांवर हल्ले झाले, आणि पैसे कमावायची एक मुख्य वाट अर्थात त्यांच्या लाइनवरून कॉल करण्याची. ऑगस्ट २०२५ मध्ये फ्रीपीबीएक्सच्याच एंडपॉइंट मॉड्यूलमध्ये आणखी एक फट निघाली, आणि दुरुस्ती यायच्या आधीच तिचा वापर सुरू झालेला होता. ज्यांचं पॅनेल इंटरनेटवर उघडं होतं ते लोक तिच्या तावडीत सापडले.

अशा माणसाला तुमचा डायलप्लॅन बदलता येतो, तुमची स्क्रिप्ट मारता येते, सीडीआरच्या ओळी पुसता येतात. म्हणून पहारेकरी त्याच मशीनवर राहायला नको. एएमआयच्या घटना दुसऱ्या सर्व्हरने ओढून घ्याव्यात आणि लॉग बाहेर पाठवावेत. शक्य असेल तर पीबीएक्सवर अजिबात विसंबू नका. ट्रंककडे जाणारी सिप वाहतूक स्विचवरून आरशासारखी दुसऱ्या मशीनवर घ्या, सिप वाहतूक टिपणारं होमर किंवा तसलं सॉफ्टवेअर लावा. तारेवरून गेलेला इन्व्हाइट, म्हणजे कॉल लावायचा सिप संदेश, चोराला पुसता येत नाही. प्रोव्हायडरकडची देशबंदी आणि रोजच्या खर्चाची कमाल मर्यादा याच कारणासाठी, तिथपर्यंत चोराचा हात पोचत नाही.

आणि ही जुळणी करून बघा: पीबीएक्सचा हिशेब आणि प्रोव्हायडरचा हिशेब. प्रोव्हायडरच्या यादीत असलेला कॉल तुमच्या यादीत नसेल, तर ती चूक समजून सोडून देऊ नका.

जुनी तार

सगळे आयपीवरच बोलताय म्हणून विचारते. आमच्याकडे अजून जुनी ईपीएबीएक्स (जुन्या पद्धतीचं ऑफिस एक्स्चेंज) आहे, टेलिफोन कंपनीच्या पीआरआय लाइनवर. इंटरनेटशी तिचा संबंध नाही. आम्हाला यातलं काय लागू?

सर्किटकाका

ताई, हा धंदा इंटरनेटच्या आधीचा आहे. २६०० हर्ट्झची शिटी वाजवून लांब पल्ल्याचे कॉल फुकटात लावणारी मंडळी १९६०-७० च्या दशकातली. तुमच्या मशीनला तीन दारं आहेत.

पहिलं डिसा. बाहेरून फोन करायचा, कोड दाबायचा आणि ऑफिसच्या लाइनवरून पुढे बोलायचं. फिरतीवरच्या लोकांसाठी केलेली सोय. वापरात नसेल तर आजच बंद करा.

दुसरं व्हॉइसमेल, आणि हे जास्त घातक. पिन म्हणजे एक्स्टेंशनचाच नंबर, नाहीतर १२३४. रात्री कुणीतरी बाहेरून पेटीत शिरतो आणि व्हॉइसमेलमधून बाहेर कॉल लावायची सोय उघडी असेल तर तिथूनच पुढे जातो. काही सिस्टिम्सवर पेटीच्या मेनूतून कॉल फॉरवर्डसुद्धा लावता येतं. मग तो त्या एक्स्टेंशनवर फोन करत राहतो आणि कॉल परदेशात जात राहतो. नोंदीत काय दिसतं, तर केव्हाच घरी गेलेल्या माणसाच्या एक्स्टेंशनवरून परदेशी कॉल.

याची खूण पक्की असते. येणारा एक कॉल आणि जाणारा एक परदेशी कॉल जवळजवळ एकाच सेकंदाला सुरू होतात आणि एकत्रच संपतात. जोड्या शोधा. तुमच्या मशीनला एसएमडीआरचा, म्हणजे कॉलच्या नोंदी बाहेर देणारा, पोर्ट असेल, बहुधा मागच्या बाजूला सिरियल. त्यातून प्रत्येक कॉलची ओळ छापली जाते. ती एखाद्या जुन्या संगणकात पकडली तर सगळं हाती लागतं. आयपीवाल्यांनाही हे लागू आहे बरं, फॉरवर्ड आणि व्हॉइसमेल सगळीकडेच आहे.

तिसरं दार म्हणजे रिसेप्शनवरचा माणूस. 'टेलिफोन कंपनीतून बोलतोय, लाइन तपासायची आहे, जरा नव्वदला ट्रान्सफर करा.' नऊ म्हणजे बाहेरची लाइन, शून्य म्हणजे पुढच्या नंबराची सुरुवात. ट्रान्सफर झाला की लाइन त्याच्या हातात. यंत्र काही पकडणार नाही, त्या माणसालाच सांगून ठेवा.

रात्रपाळी

आता मुद्द्याचा प्रश्न. सूचना आली शनिवारी पहाटे तीनला. मी झोपलेला. सोमवारी वाचली तर काय उपयोग? सिस्टिमने आपणहून कॉल तोडावेत का? साहेब म्हणतात, 'ग्राहकाचा कॉल तुटला तर तू जबाबदार.'

हिशेबनीस

तोडावेत. मधला मार्ग मला दिसत नाही.

साहेबांना गणित दाखवा. शुक्रवारी रात्री आठ ते सोमवारी सकाळी आठ म्हणजे ६० तास. ट्रंकवर एका वेळी दहा कॉल जाऊ शकत असतील तर ३६,००० मिनिटं. त्याला दरतक्त्यातल्या सगळ्यात महाग दराने गुणा आणि कागद टेबलावर ठेवा. २०१४ साली अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या एका आर्किटेक्ट फर्मचं प्रकरण वर्तमानपत्रात आलं होतं. सात माणसांचं ऑफिस, एक शनिवार-रविवार, गांबिया, सोमालिया आणि मालदीवला कॉल, बिल १,६६,००० डॉलर. बिल माफ करायचं की नाही हे बहुतेक ठिकाणी करारावर ठरतं, आणि करार प्रोव्हायडरने लिहिलेला असतो. लाइन तुमची, बिल तुमचं.

भोचक भवानी

पण सरसकट तोडायला माझा विरोध आहे. आमच्याकडे एकदा असाच नियम लावला होता. मोठ्या साहेबांची रात्रीची परदेशी कॉन्फरन्स नेमकी मध्येच कापली गेली, आणि दुसऱ्या दिवशी नियमच काढून टाकायला लावला. त्यापेक्षा नसलेला बरा म्हणायची पाळी. कठोर नियम ऑफिसात टिकत नाही, हेही धरा.

हिशेबनीस

मान्य. म्हणून पायऱ्या करा. ऑफिसच्या वेळेत मर्यादा ओलांडली तर आधी सूचना, आणि नवे परदेशी कॉल बंद. चालू कॉल चालू द्या, माणूस जागेवर आहे, तो बघेल. ऑफिसबाहेरच्या वेळेत मात्र चालूही तोडा. नुसते नवे कॉल अडवून भागत नाही. आधीच लागलेले दहा कॉल सोमवारपर्यंत बोलत राहतील. कॉन्फरन्सवाल्या साहेबांचं एक्स्टेंशन सवलतीच्या यादीत टाका, पण त्यालाही वरची मर्यादा ठेवा, सवलत म्हणजे मोकळीक नव्हे. मर्यादा पैशांत असेल तर साहेबांचा एक कॉल तिला सहसा शिवत नाही. दहा कॉल मिळून शिवतात.

आपत्कालीन नंबर कुठल्याही नियमात अडकता कामा नयेत. ट्रंकच बंद करणारी स्क्रिप्ट लिहू नका, परदेशी मार्ग तेवढा बंद करा.

सर्किटकाका

हिशेबनीसांशी सहमत. शिवाय डायलप्लॅनमध्येच प्रत्येक परदेशी कॉलला कमाल वेळ घाला, आणि ग्रुप काउंट (चालू कॉल मोजायची सोय) वापरून एका वेळी किती परदेशी कॉल याला लगाम लावा. तुमच्या ऑफिसात एका वेळी तीनच्या वर कधी झाले नसतील तर चार पुरे. सूचना ईमेलवर ठेवू नका, फोन वाजला पाहिजे. आणि तो फोन त्याच पीबीएक्सवरून जाणारा नको.

नवशिका

शेवटच्या वाक्यावर पाच मिनिटं हसलो. मग आमची रचना बघितली. तशीच आहे.

रात्रपाळी

बसवलं. वेगळ्या सर्व्हरवर एएमआय ऐकणारी स्क्रिप्ट, पैशांची मर्यादा, 'पहिल्यांदाच', येणाऱ्या-जाणाऱ्याच्या जोड्या, आणि पायऱ्यांनी तोडणं. प्रोव्हायडरने रोजची कमाल मर्यादा घातली, देशांची यादीही घेतली. मी ८८१ चं विचारलं तर तो म्हणाला, हे आजवर कुणी विचारलं नव्हतं.

एक अडचण उरली आहे. जोड्यांचा नियम सारखा ओरडतो. विक्रीवाले संध्याकाळी आपलं एक्स्टेंशन स्वतःच्या मोबाइलवर फॉरवर्ड करतात. म्हणजे येणारा कॉल आणि जाणारा कॉल, अगदी तीच खूण. शिवाय 'ऑफिसबाहेर'चा नियम भर दुपारीसुद्धा चालू असतो आणि ऑफिस सुटल्यावर रात्री उशिरापर्यंत गप्प असतो.

सर्किटकाका

पहिल्याचं सोपं आहे. दुसरी बाजू देशातल्या साध्या मोबाइलवर असेल तर जोडी सोडून द्या. परदेशी किंवा प्रीमियम असेल तरच धरा. आणि फॉरवर्डचा नंबर बदलला की त्याची वेगळी नोंद घ्या, कॉल लागायच्या आधीच कळेल.

दुसऱ्याचं, सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे आपल्या साडेपाच तास मागे, आहे का बघा.

रात्रपाळी

यूटीसीवरच आहे.